समुद्राची पंगत

काचेचं दार ढकललं आणि समुद्राचा वास आला.

फाल्गुन सरत आलेला. औरंगाबाद रस्त्यावरचं डांबर दुपारच्या उन्हात मेणासारखं मऊ झालेलं, दोन्ही अंगांना ज्वारी काढून मोकळी झालेली रानं, आणि त्या रानांतून उठणारा वाळल्या कडब्याचा, तापल्या ढेकळांचा तो निर्जळ, निःसंग गंध. आणि एका दाराच्या अलीकडे हे सारं ठेवून पलीकडे पाऊल टाकावं तो अकस्मात खारा, ओलसर, किंचित उग्र, ओल्या खोबऱ्याच्या स्निग्धतेनं आणि कोकमाच्या आंबटपणानं भारलेला तो दुसरा गंध! नगर जिल्ह्यातल्या माणसाला समुद्राचा वास ओळखता कसा आला, असं तुम्ही विचाराल. रास्त आहे. मी तोवर समुद्र दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा चपला हातात धरून, सावधपणे, घोट्यापर्यंत. पण वास आमच्या ओळखीचा होता. शेवगावच्या आठवडे बाजारात गोणपाटावर मांडलेली सुकट, काड्यांच्या मोळीसारखे बांधलेले बोंबील, आणि ते निखाऱ्यावर भाजले की साऱ्या आळीला देणारी वर्दी! आमच्या मुलखाला दर्या भेटला तो असा, वाळवून, आवळून, गोणीत भरून पाठवलेल्या सारांशाच्या रूपानं. त्या दुपारी मात्र मूळ ग्रंथच समोर उघडलेला होता.

ते दिवसच मोठे उत्साहाचे होते. नव्वदचं दशक निम्मं उलटलं होतं. महामार्गाच्या कडेच्या ढाब्यांची हॉटेलं होत होती आणि हॉटेलांना रिसॉर्ट होण्याचे डोहाळे लागले होते. घोडेगाव ओलांडल्यावर उजव्या हाताला असंच एक रिसॉर्ट उगवलं होतं. वेरूळ-अजिंठ्याला जाणाऱ्या पर्यटकांच्या बसेस थांबाव्यात म्हणून त्याच्या मालकानं एक अचाट कल्पना काढली. मुंबईहून बर्फात घातलेली मासळी टेम्पोनं आणायची आणि दर रविवारी ‘दर्याची मेजवानी’ मांडायची. एकदा पैसे भरा आणि हवे तेवढे खा! आत एका भिंतीवर रंगवलेल्या निळ्या लाटा, छताला टांगलेली कोळ्याची जाळी, कोपऱ्यात प्लॅस्टिकचा माड. आणि खिडकीबाहेर बाभळीच्या सावलीत टेम्पो थांबवून कुणी बाजारात घेतलेल्या बैलजोडीला पाणी पाजत होतं. लाटांकडे पाहावं तो कानावर हंबरणं यावं! सृष्टीनं जे जमवलं नव्हतं ते एका हॉटेलमालकानं जमवलं होतं, आणि मला त्या माणसाविषयी मनापासून आदर वाटत होता. कारण त्याच्या त्या निळ्या भिंतीवर मी माझ्या मुलीचं लग्न टेकवून ठेवलं होतं.

आमची करुणा आणि मिलिंद यांनी एकमेकांना पुण्यात शिकताना पसंत केलं होतं. मुलगा सालस, नोकरीला लागलेला. दोन्ही घरं आपलीच, बाबासाहेबांना मानणारी. पत्रिका बघायची नव्हती, मुहूर्त काढायचा नव्हता, हुंड्याचा शब्द काढायला दोन्हीकडे बंदी होती. इतक्या साऱ्या अडचणी आधीच्या पिढीनं मोडून ठेवल्यावर लग्न अडावं कशावर? मुलाकडची मंडळी दापोलीकडची, आणि लग्न अडलं माशावर! मिलिंदची आई, सुलोचनाबाई, आपल्या मुलाला म्हणाल्या होत्या की घाटावरची मुलगी, तिला मासळी साफ करता यायची नाही, खाता यायची नाही. आणि तेही एक वेळ चालेल, पण तो मुलूख कोरडा, माणसंही कोरडी, ताटात वाढताना त्यांचा हात आखडतो. हे शब्द मिलिंदनं करुणेला सांगितले, करुणेनं आईला, आणि आमच्या सौभाग्यवतींनी, नलिनीनं, ते मला अशा वेळी सांगितले की मी तोंडात घास घेतलेला होता. माशाचं मी समजू शकलो. पण हात आखडतो? ज्या घरात पाहुणा उठताना त्याला कमरेला धरून बसवायची रीत, त्या घराला हे ऐकवावं?

सुलोचनाबाई स्वतः घर बघायला येणार म्हटल्यावर माझ्या अंगात वीरश्री संचारली. आमच्याकडे अशा प्रसंगी थोरपण माझ्या आत्याकडे असतं, बायजाआत्याकडे. ती शेवगावकडच्या आमच्या गावाहून आदल्याच दिवशी नगरला, सावेडीतल्या आमच्या घरी, येऊन दाखल झाली होती, पिशवीत सुकट आणि बाजरीचं पीठ घेऊन. मी तिला दर्याच्या मेजवानीचा बेत सांगितला तशी ती माझ्याकडे, मी लहानपणी चिखलात लोळून आल्यावर पाहायची, तशी पाहत राहिली. “आरं येड्या, सोयऱ्याला घरची चूल सोडून हाटेलात कोन नेतंय? मटान घाल, भाकरी मी थापती. सुकट तर आनलीच हाय.” मी म्हणालो, आत्या, त्या समुद्राकाठच्या, त्यांच्यापुढे सुकट ठेवणं म्हणजे त्यांचा अपमान. “आन दुसऱ्याच्या दारात जेवाया बशिवनं म्हंजी मानपान?” ती म्हणाली. मी हसलो. सुशिक्षित माणसाचं एक हसणं असतं, समोरच्याचं बोलणं ऐकायचं नाही असं ठरलं की चेहऱ्यावर येतं ते. ते हसलो.

सकाळच्या गाडीनं पाहुणे आले. जयभीम झाला, चहा झाला, आणि भाड्याच्या जीपमध्ये आम्ही सारे दाटीवाटीनं बसून निघालो. मिलिंदचे वडील अत्यंत शांत गृहस्थ. ते कशालाही “होय तर” म्हणत आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहत. सुलोचनाबाई ताठ बसल्या होत्या. मैलामागून मैल ओसाड माळ मागे पडत होता आणि प्रत्येक मैलागणिक त्यांचं आमच्याविषयीचं मत अधिकाधिक सप्रमाण होत होतं.

तर अशा रीतीनं आम्ही त्या समुद्रात प्रवेश केला. भिंतीलगतच्या लांब मेजावर ते वैभव मांडलेलं होतं. तळलेल्या सुरमईच्या सोनेरी चकत्या, मसाल्यात लाल झालेले बांगडे, कुरकुरीत मांदेली, खोबऱ्याच्या वाटणातली कोलंबी, आणि एका काचेच्या भांड्यात, संध्याकाळच्या आभाळासारखी गुलाबी, सोलकढी. त्यामागे उंच पांढरी टोपी घातलेला एक आचारी हात बांधून उभा. सुलोचनाबाईंची नजर त्या मेजावरून सावकाश फिरली आणि, मी शपथेवर सांगतो, किंचित मऊ झाली. माझी छाती फुगली. मी त्यांना मधल्या मोठ्या टेबलापाशी नेलं, मानाच्या खुर्चीत बसवलं, मिलिंदच्या वडिलांना शेजारी बसवलं, आणि आम्हीही बसलो. ताटं समोर होती. हातरुमाल शंखासारखे दुमडलेले होते. एका वेटरनं पाणी ओतलं आणि तो निघून गेला.

आणि मग काहीच झालं नाही.

तुम्ही म्हणाल, तुम्हाला बुफे ठाऊक नव्हता काय? होता ना! कचेरीतल्या निरोपसमारंभात मी कितीदा हातात ताट धरून रांगेत उभा राहिलो होतो. पण तिथे मी पाहुणा होतो. इथे मी मुलीचा बाप होतो. ज्यांच्या घरी आपली लेक जायची, त्यांना ‘उठा आणि आपल्या हातानं घ्या’ हे म्हणायचं तरी कसं? आमच्याकडे सोयऱ्याला हे म्हणणं आणि ‘उठा, चालते व्हा’ म्हणणं यांत शब्दांचाच काय तो फरक. आणि सुलोचनाबाईंनी तरी आपण होऊन कसं उठावं? मुलगी बघायला आलेल्या बाईनं ताट घेऊन माशांवर चालून जायचं? त्यांच्या दापोलीत काय म्हणतील! शिवाय पाहुण्याच्या ताटात पडल्याखेरीज यजमानानं घ्यायचं नाही, म्हणून आम्ही बसलेलो; यजमानानं वाढल्याखेरीज पाहुण्यानं हलायचं नाही, म्हणून ते बसलेले. हातभर अंतरावर साक्षात समुद्र उसळत होता आणि आमचा सारा गोतावळा रिकामी ताटं पुढ्यात घेऊन हवापाण्यावर बोलत होता. “यंदा ऊन लवकर लागलं.” “होय तर.”

मला वाटतं, पंगत आणि बुफे हे जेवणाचे दोन प्रकार नव्हेत. माणसाच्या भुकेविषयीच्या त्या दोन निरनिराळ्या श्रद्धा आहेत. बुफे मानतो की माणसाला आपली भूक कळते आणि ती चारचौघांत मांडायला त्याला लाज वाटत नाही. पंगत मानते की भुकेला तोंड नसतं. ती दुसऱ्यानं ओळखायची असते. आमच्या अवर्षणाच्या मुलखात ‘हवे तेवढे’ हे शब्दच मुळी आम्हाला गोंधळात टाकतात. हवं किती, हे सांगायचं धाडस आम्हाला कुणी शिकवलंच नाही. आम्हाला शिकवलं ते ‘पुरे’ म्हणायला. आणि त्या ‘पुरे’चेही किती अर्थ! पहिलं पुरे रीतीचं, दुसरं भिडेचं. ते झिडकारून जो वाढतो तो आपला, आणि जो पहिल्याच ‘पुरे’ला पळी मागे घेतो तो परका. हात आखडतो तो हाच!

एवढ्यात बाहेर पर्यटकांची बस थांबली. उन्हाच्या टोप्या, गळ्यात कॅमेरे, पोरंबाळं असा तो प्रचंड लोंढा आत आला, ताटं उचलली गेली, आणि मेजावर भरतीची ओहोटी व्हायला लागली. सुरमईचा ढीग आमच्या डोळ्यांदेखत खचला. मांदेली गेली. सुलोचनाबाई सारं पाहत होत्या. त्यांची मऊ झालेली नजर पुन्हा घट्ट होत गेली. मिलिंद अर्धवट उठला, “मी आणतो ना, आई.” “बस तू,” त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, हलक्या पण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, “बोलले होते ना मी? पाणी तेवढं मिळालं हो.” मिलिंदचे वडील होय तर म्हणाले नाहीत, ते त्याहून वाईट होतं. करुणेनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी सायकल शिकताना, मी मागून धरलंय की सोडलंय हे पाहायला ती जशी वळून बघायची, तशी. नलिनीनं टेबलाखालून मला ढोसलं, “अहो, काहीतरी करा!” मी केलं. मी वेटरला हाक मारून आणखी पाणी मागवलं.

आत्या इतका वेळ त्या पांढऱ्या टोपीकडे बघत होती. “ह्यो टोपीवाला वाढप्या हाय का राखनदार?” ती म्हणाली. “मघाधरनं नुसता हुबा हाय.” कुणी काही म्हणायच्या आत ती उठली. पदर कमरेला खोचला. कोपरापर्यंत हात मोकळे केले. मेजापाशी गेली, रांगेतल्या दोघा टोपीवाल्या पर्यटकांना “सरा रं बाबांनू” म्हणत बाजूला केलं, आणि कोलंबीचं ते भलंथोरलं भांडंच उचललं!

आचारी धावला. “आजी, आजी, ते उचलायचं नसतं!” “मंग तू आन की. येत न्हाई? मंग वाट सोड.” पाठोपाठ गळ्यात टाय बांधलेले मॅनेजर आले, अजिजीनं म्हणाले, “मावशी, इथं ज्याचं त्यानं घ्यायचं असतं.” आत्या थांबली. भांडं काखेला टेकवून तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. “ज्याचं त्यानं? का? माजं पाव्हनं काय बेवारशी हायेत व्हय?” ते बाजूला झाले. मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी उठून तिच्या पाया पडावंसंही वाटलं. नेहमीप्रमाणे मी दोहोंपैकी काहीच न करता बसून राहिलो.

आत्यानं पहिली पळी सुलोचनाबाईंच्या ताटात घातली. “पुरे,” त्या कोरडेपणानं म्हणाल्या. दुसरी पडली. “पुरे हो आत्या!” तिसरी पळी ताटावर आड धरलेल्या त्यांच्या बोटांच्या फटीतून अचूक उतरली. मग ती पुन्हा गेली आणि बांगडे घेऊन आली, पुन्हा गेली आणि सुरमईचा उरलासुरला कळप वळवून आणला. समोर आलेल्या भाताच्या ढिगावर आमटी हवीच म्हणून तिनं ते गुलाबी भांडं उचललं आणि, आम्ही हां हां म्हणेतो, सोलकढी सुलोचनाबाईंच्या भातावर सढळ हातानं ओतली. “कालवन लई नाजूक रंगाचं हाय,” ती म्हणाली, “पर आसंल तुमच्यात आसंच.” सुलोचनाबाई ताटातल्या त्या गुलाबी तळ्याकडे पाहत होत्या. “अहो आत्या,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज हलला, “ती प्यायची असते!” “मंग पी की, बाई,” आत्या म्हणाली, “वताया मी हाय.” आणि सुलोचनाबाई हसल्या! ओठांनी नव्हे, खांद्यांनी, पोटानं, डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. बांध फुटावा तशी त्या टेबलावरची सारी मंडळी हसू लागली. मिलिंदचे वडीलही.

शेजारच्या टेबलावर बसमधली एक वृद्ध बाई गुडघे धरून बसली होती. रांगेत उभं राहणं तिला झेपत नव्हतं. “आजी, इकडे पण द्या ना थोडं,” ती म्हणाली. आत्याला एवढंच हवं होतं. तिकडे वाढून होतं न होतं तो पलीकडून हाक आली, त्याच्याही पलीकडून. रांगेतली माणसं एकेक करून रांग सोडून खुर्च्यांवर जाऊन बसली आणि चक्क ताटं पुढे करून वाट बघू लागली. काय नवल! जन्मभर पंगतीत जेवलेली ती माणसंही, बिचारी, कुणी आग्रह करील म्हणून आसुसलेलीच होती. आत्या एकटी, आणि माणसं बसभर. तिच्या कपाळावर घाम आला, पण पळी थांबेना.

सुलोचनाबाईंनी हे थोडा वेळ पाहिलं. मग त्यांनी ताट बाजूला सारलं. “एकट्या बाईचं काम आहे का हे?” असं, जणू आम्हालाच दटावत, त्या उठल्या, त्यांनीही पदर खोचला, आणि सुरमईचं ताट उचललं.

हे वाचताना तुम्ही क्षणभर थांबावं अशी माझी इच्छा आहे. पंगतीत वाढायला कोण उठतं? पाहुणा उठत नाही. उठू दिलाच जात नाही. जी वाढायला उठते, ती घरची! हे नलिनीला कळलं, तिनं माझा हात घट्ट धरला. करुणेला कळलं, ती ताटात बघू लागली. मिलिंदला कळलं की नाही ठाऊक नाही. तो कोलंबी सोलण्यात गर्क होता.

मग काय सांगावं त्या दुपारचं ऐश्वर्य! एकीला माशांची नावं ठाऊक, दुसरीला माणसांची भूक. “आधी तळलेलं वाढा आत्या, मग कालवण!” “बरं बाई, तू म्हनशील तसं. ह्यो कोन?” “हा बांगडा.” “आन त्यो डोळं वटारल्याला?” “तोही बांगडाच हो!” सुलोचनाबाई करुणेपाशी थांबल्या, तिच्या ताटातल्या बांगड्याचा मधला काटा बोटांनी अल्लद उचलून दाखवला, “हे असं. येईल गो तुला.” आत्यानं लांबूनच टोला दिला, “तुमीबी या आमच्या गावाला, भाकरी थापाया शिकिवते.” “आम्हाला येते हो, तांदळाची!” “तांदळाची? त्यो पापड म्हनायचा!” मॅनेजरनी टाय खांद्यावर टाकला आणि ते स्वतः भांडी भरून आणू लागले. आचाऱ्यानं टोपी काढून ठेवली. बसचा गाइड दारात उभा राहून वेरूळ बंद होईल, वेरूळ बंद होईल, असं ओरडत होता. त्याला कुणीतरी धरून बसवलं आणि त्याच्याही पुढे ताट आलं.

दिग्विजय म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? आमच्या मुलखावर कोरडेपणाचा आळ आला होता, आणि माझी आत्या दुसऱ्याच्या हॉटेलात, दुसऱ्याच्या माशांनी, जन्मात न पाहिलेल्या माणसांना गळ्यापर्यंत जेवू घालून तो आळ धुऊन काढत होती. यात माझं कर्तृत्व म्हणाल तर जीप ठरवण्यापुरतं. पण विजयी सैन्यात सामील असलेला सामान वाहणारा माणूसही घरी येऊन लढाई सांगतोच की नाही? तेवढा अधिकार मी घेतो.

माझ्या ताटात काय काय येऊन गेलं, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी भरलो होतो, कंठापर्यंत, आणि सुलोचनाबाई बांगड्याचं भांडं घेऊन माझ्यापुढे उभ्या होत्या. मी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. “पुरे,” म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. “खरंच पुरे,” म्हणालो; आणि आयुष्यात प्रथमच हा शब्द मी खऱ्या अर्थानं वापरत होतो. घामानं त्यांचं, आमच्यातल्या रीतीप्रमाणे कुंकू नसलेलं, मोकळं कपाळ चमकत होतं. चिमट्यात बांगडा तोलून धरत त्या म्हणाल्या,

“हात काढा, व्याही.”

व्याही! कुणी कुणाला विचारलं नव्हतं, कुणी होकार कळवला नव्हता. सुपारी नाही, साखर नाही. भांड्यांच्या खणखणाटात, पन्नास माणसांच्या कोलाहलात तो शब्द सहज ताटात पडला, वाढल्यासारखा. आत्यानं तो ऐकला आणि पाठ फिरवून डोळे टिपले. माणसं एकमेकांची कशी होतात, याची मी पुढे पुष्कळ तर्‍हेची उत्तरं वाचली. त्या क्षणी मात्र मला ते अगदी साधं वाटलं. आपल्या ‘पुरे’वर ज्याचा विश्वास बसत नाही, त्याचे आपण होतो.

मी हात काढले. आणि तो बांगडा, कुणी काही शिकवायच्या आत, काट्यांसकट खाल्ला.